विहिरीतला जंतू उपाशी मरत का नाही?

2025 च्या जानेवारीत पुण्यात आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड, धायरी या बाजूला, जीबीएसचे पेशंट निघायला लागले तेव्हाची गोष्ट आहे. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते तो आजार, हे नाव त्याआधी आमच्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं आणि चार-आठ दिवसांत रिक्षावाल्यापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच, घरोघरी पाण्याची पातेली गॅसवर चढलेली, कुणाच्या पोटात जरा दुखलं तरी घाबरगुंडी. पेशंटचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा बॅक्टेरिया सापडला अशी बातमी आली आणि मी मायक्रोबायोलॉजी शिकवते हे माहीत असल्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला एक सांग, विहिरीच्या नाहीतर टँकरच्या पाण्यात त्या जंतूला खायला मिळतं तरी काय? उपाशी मरत कसा नाही तो?"

मी तेव्हा घाईत दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि वर आले, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण शिकवताना इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने तो असा सरळ विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर फक्त विहिरीपुरतं नाहीये, टीबीच्या गोळ्या सहा महिने का घ्यायच्या इथपर्यंत ते जातं. म्हणून आज नीट लिहून काढतेय.

आपल्या डोक्यात जंतूचं चित्र असं असतं की तो सारखा खातोय आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतोय. लॅबमध्ये ते खरंही आहे, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या बॅक्टेरियाला चांगलं पौष्टिक सूप द्या, 37 डिग्रीला ठेवा, तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. पण बाहेर कोण त्याला सूप देतंय? माती, नदी, नळाचा पाइप, अगदी आपलं आतडंसुद्धा, सगळीकडे खाणारे हजार आणि अन्न थोडं. त्यामुळे भूक ही बॅक्टेरियाच्या आयुष्यातली रोजची गोष्ट आहे, आणि कोट्यवधी वर्षांत जे टिकले ते भुकेचा बंदोबस्त करता येणारेच टिकले.

भूक लागली हे त्याला कळतं कसं, हा भाग मला स्वतःला फार आवडतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

मंडईच्या बाहेर हार ओवत बसलेल्या बायका डोळ्यासमोर आणा, गणपतीच्या दिवसांतली गर्दी. समोर ऑर्डरची चिठ्ठी आहे, दोन झेंडू, एक शेवंती, एक गुलाब, परत दोन झेंडू. बाई त्या क्रमाने ओवत जाते आणि बाजूला पोरं उभी आहेत, प्रत्येक पोरगा एकाच जातीचं फूल आणून देणारा. बॅक्टेरियाच्या पेशीत प्रोटीन अगदी असंच ओवलं जातं. हार ओवणारी बाई म्हणजे रायबोझोम, फुलं म्हणजे अमिनो आम्लं, चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि फुलं आणणारी पोरं म्हणजे ट्रान्सफर आरएनए. आता समजा शेवंती संपली. शेवंतीवाला पोरगा त्याचा नंबर आल्यावर येऊन उभा राहतो पण हात रिकामा. बाईचा हात थांबला. तिच्याच शेजारी एक माणूस बसलेला असतो, त्याचं नाव रेलए, तो एक एन्झाइम आहे आणि त्याचं काम एवढंच की रिकाम्या हाताचा पोरगा दिसला रे दिसला की घंटा वाजवायची. ती घंटा म्हणजे एक छोटा रेणू, पीपीजीपीपी. पेशीत नेहमी असणाऱ्या जीडीपी नाहीतर जीटीपी या रेणूंना दोन फॉस्फेट जास्तीचे जोडले की तो तयार होतो आणि थोड्याच वेळात पेशीभर पसरतो.

हा रेणू 1969 साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट या दोघांना सापडला. त्यांनी ई. कोलायला अमिनो आम्लांसाठी उपाशी ठेवलं होतं, पेशीतला माल कागदासारख्या पट्टीवर वेगळा करून बघितला तर दोन नवेच डाग उमटलेले, जे पोटभर खाल्लेल्या पेशींत दिसत नव्हते. त्यांना मॅजिक स्पॉट असं नाव पडलं आणि अजूनही या क्षेत्रातली माणसं प्रेमाने तेच नाव वापरतात. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत दीपंकर चटर्जी यांनी या रेणूवर बरीच वर्षं काम केलंय.

घंटा वाजली की काय होतं? पहिलं म्हणजे नवीन रायबोझोम बनवणं जवळजवळ बंद, कारण पेशीचा सगळ्यात मोठा खर्च तोच असतो, घरात पगार आला नाही की आधी फ्लॅटचं रिनोव्हेशन थांबवतो ना, तसंच. मग विभाजन मंदावतं. त्याच वेळी संपलेली अमिनो आम्लं घरच्या घरी बनवायची जीन्स चालू होतात, आम्ल, मीठ, ऑक्सिडेशन असल्या माराला तोंड देणारी प्रोटीन्स तयार होऊ लागतात, पेशीचा पत्रा जाड होतो. या सगळ्याला शास्त्रात स्ट्रिंजंट रिस्पॉन्स म्हणतात, काटकसरीची कडक शिस्त म्हणा. प्रत्येक जातीत वायरिंग थोडं वेगळं आहे, ई. कोलायत हा रेणू जीन वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला थेट जाऊन चिकटतो आणि स्टॅफिलोकॉकससारख्या बॅक्टेरियांत तो जीटीपीचा साठा खाली आणतो, पण घंटा तीच.

इथवर ठीक आहे, हा झाला त्याचा जीव वाचवायचा प्रश्न. पण मग आपण आजारी का पडतो? तर अनेक रोगजंतूंनी आपली हत्यारं याच भुकेच्या घंटेला जोडून ठेवलीत.

असं का, ते कळायला आपलं शरीर जंतूच्या बाजूने बघायला लागतं. आपल्याला वाटतं शरीर म्हणजे त्यांच्यासाठी मेजवानी, पण शरीर आपलं अन्न कुलपात ठेवतं. लोहाचंच घ्या. बहुतेक सगळ्या बॅक्टेरियांना लोह लागतंच आणि आपल्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह आहे, पण त्यातलं मोकळं असं जवळजवळ काहीच नाही. बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये, बाकी फेरिटिनच्या डब्यात, आणि रक्तातून फिरताना ते ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनने घट्ट पकडलेलं असतं. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधात लॅक्टोफेरिन भरपूर असतं, तेही लोह धरून ठेवतं आणि बाळाच्या पोटात नको त्या जंतूंच्या हाती ते लागू देत नाही. इन्फेक्शन झालं की शरीर रक्तातलं लोह अजून कमी करतं, लांबलेल्या आजारात हिमोग्लोबिन उतरतं त्यामागे हेही एक कारण असतं. जंतूला उपाशी पाडायचं, ही आपल्या शरीराची फार जुनी युक्ती आहे.

जंतूने यातून काय शिकावं? लोह संपलं, म्हणजे आपण कुणाच्या तरी शरीरात आहोत. भूक हाच त्याचा पत्ता झाला.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण घटसर, डिप्थेरिया. या जंतूचं विष म्हणजे टॉक्सिन, त्या टॉक्सिनच्या जीनवर एक पहारेकरी प्रोटीन बसलेलं असतं आणि त्या पहारेकऱ्याला जागेवर बसायला लोह लागतं. लोह आहे तोवर तो बसून आहे, टॉक्सिन बंद. लोह कमी झालं की पहारेकरी उठला, जीन मोकळं, टॉक्सिन चालू, आणि ते घशाच्या पेशींची प्रोटीन बनवायची यंत्रणाच बंद पाडतं, पेशी मरतात, त्यांच्यातला माल बाहेर येतो. लोह जास्त असलं की टॉक्सिन कमी बनतं हे 1930 च्या दशकातच लक्षात आलं होतं. आणि त्याचा उपयोग आपण रोज करतो बरं का, कारण घटसरची लस बनवायला आधी टॉक्सिनच लागतं, मग ते निष्प्रभ करून लशीत घालतात, त्यामुळे ज्या द्रवात हा जंतू वाढवतात त्यात लोह अगदी मोजून ठेवावं लागतं. आपल्या हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये घटसर, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस बनते, तिथून गाडी गेली की मला दर वेळी हा पहारेकरी आठवतो.

साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडवाल्या घराण्यातला, तो तर आपल्याला खाऊन टाकायला आलेल्या पांढऱ्या पेशीच्या पोटातच राहतो. तिथे आम्ल, मॅग्नेशियम कमी, अन्नाची चणचण, म्हणजे त्याला मारायला बनवलेली कोठडीच. पण त्याला ते मॅग्नेशियम कमी झालेलं जाणवतं, आम्ल जाणवतं, आणि तेवढ्यावरून तो सुईसारखं एक यंत्र उभं करतो आणि त्यातून आपली प्रोटीन्स त्या पेशीत टोचून कोठडीचंच घर करून टाकतो. शास्त्रज्ञांनी साल्मोनेलातली पीपीजीपीपी बनवणारी दोन्ही एन्झाइम्स काढून टाकली तेव्हा तो लॅबच्या सूपमध्ये बरा वाढत होता पण उंदरांना आजारी पाडायची ताकद जवळजवळ गेलेली होती. हत्यारं तीच होती, पण ती काढायची वेळ झाली हे सांगणारी घंटाच नव्हती.

लिजिओनेला, ज्याचा शोध 1976 च्या फिलाडेल्फियाच्या न्यूमोनियाच्या साथीमुळे लागला, तो तर पाण्यातल्या अमीबाच्या आत राहायला शिकलेला जंतू. अमीबात अमिनो आम्लं आहेत तोवर गुपचूप वाढतो, त्याला शेपूट नाही, काही नाही. अमिनो आम्लं संपली, घंटा वाजली की मग शेपूट फुटते, पेशी फोडायची ताकद येते आणि तो पुढचं घर शोधायला बाहेर पडतो. आपल्या फुफ्फुसातली पांढरी पेशी त्याला दुसऱ्या अमीबासारखीच. म्हणजे मोठ्या एसीच्या कूलिंग टॉवरमधून उडालेल्या थेंबात जे आपल्यापर्यंत येतं ते बऱ्याचदा भुकेने तयार झालेलं, हल्ल्याच्या पवित्र्यातलं रूप असतं.

पटकीचा जंतू, कॉलराचा, आतड्याच्या अस्तराला चिकटून वाढतो आणि गर्दी होऊन खाणं कमी पडलं की भुकेच्या वेळी चालू होणारा एक स्विच त्याला अस्तर सोडून पोहायला लावतो, जुलाबातून बाहेर पडायची ती तयारी. बाहेर पाण्यात तो प्लँक्टनच्या बारीक किड्यांच्या कवचाला चिकटून राहतो आणि ते कवचच खातो. म्हणूनच बांगलादेशात रिटा कोलवेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंच्या टीमने जुनी सुती साडी अनेक पदरी करून पाणी गाळायला सांगितलं तेव्हा त्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला, साडीच्या विणीत बॅक्टेरिया अडकत नाही पण त्याचा किडा अडकतो. आपल्या आज्या पाणी गाळून घ्यायच्या ते आठवलं मला हे वाचताना.

आता काकूंचा कॅम्पायलोबॅक्टर. हा तसा नाजूक जंतू. बहुतेक जातींना साखर खाताच येत नाही, अमिनो आम्लांवर जगतात, हवेतला एवढा ऑक्सिजन झेपत नाही, आणि 30 डिग्रीच्या खाली वाढच होत नाही. कोंबडीचं आतडं हे त्याचं खरं घर, तिथे 41-42 डिग्रीत तो मजेत असतो आणि कोंबडीला बहुधा काही होतही नाही. असा जंतू विहिरीत पडला तर तिथे तो वाढत नाही, हे पहिलं उत्तर. तो फक्त थांबतो. त्याच्याकडेही भुकेची घंटा आहे आणि ती वाजली की खर्च बंद, वाढ बंद, काही दिवसांनी त्याचा स्क्रूसारखा पिळदार आकार जाऊन तो गोल गोळीसारखा होतो, आणि या अवस्थेत लॅबच्या प्लेटवर टाकला तरी उगवत नाही, त्यामुळे पाण्याचा कल्चर रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे पाण्यात तो नव्हताच असं म्हणता येत नाही. थंड पाण्यात तो जास्त टिकतो, आणि जानेवारी आपल्याकडे थंडच. आणि आजार व्हायला तो पोत्याने पोटात जायला लागत नाही, काही शेकडे पुरतात.

बरं, ही घंटा बंद पाडलेला कॅम्पायलोबॅक्टर शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये बनवून बघितलाय. तो उपाशी अवस्थेत लवकर मरतो, जास्त ऑक्सिजन सोसत नाही, आणि माणसाच्या पेशींना चिकटणं, आत शिरणं, आत टिकणं या तिन्हींत कमी पडतो. म्हणजे पाण्यात टिकवणारी आणि आपल्या आतड्यात घुसायला मदत करणारी यंत्रणा एकच. जीबीएस हा त्यापुढचा, नशिबाचा भाग. या जंतूच्या अंगावरची साखरेची नक्षी आपल्या नसांवरच्या नक्षीसारखी दिसते, आणि जंतूवर सोडलेल्या अँटिबॉडी चुकून नसांवर जातात. असं हा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एखाद्याला होतं, पण ज्या घरात होतं त्या घराला हजाराचा हिशोब काय उपयोगाचा. उकळल्यावर हा जंतू मरतो, क्लोरीननेही मरतो, त्या महिन्यात पातेली चढवली ते अगदी बरोबर केलं आपण.

काकूंना हे सगळं मी नंतर एकदा चहा घेताना सांगितलं, तर त्यांनी पुढचा प्रश्न काढला. त्यांच्या भाच्याला टीबी झालेला, दोन महिने गोळ्या घेऊन खोकला गेला, वजन वाढायला लागलं आणि तो म्हणायला लागला की आता बास. काकूंना त्याला काय सांगावं कळत नव्हतं.

याचं उत्तर 1944 सालात जातं. जोसेफ बिगर नावाच्या डब्लिनच्या डॉक्टरने स्टॅफिलोकॉकसवर पेनिसिलिन टाकलं, बॅक्टेरिया मेले, पण दहा लाखांत एखादा असे थोडे उरले. त्याने ते उरलेले परत वाढवले आणि परत पेनिसिलिन टाकलं, तर तेही पहिल्यासारखेच मेले, परत तसेच थोडे उरले. म्हणजे हे औषधाला रेझिस्टंट झालेले नव्हते, त्यांचे जीन्स तेच. ते फक्त त्या वेळी वाढत नव्हते. पेनिसिलिन पेशीची भिंत बांधताना घोळ घालतं, ज्याचं बांधकामच बंद आहे त्याचं ते काय बिघडवणार. बिगरने त्यांना पर्सिस्टर म्हटलं, चिकाटीवाले.

आणि ते नुसते झोपलेत म्हणून वाचतात असंही पूर्ण खरं नाही. 2011 साली स्युडोमोनास नावाच्या बॅक्टेरियावर एक फार छान काम झालं. उपाशी ठेवलेले स्युडोमोनास अँटिबायोटिकला दाद देत नाहीत हे माहीत होतं, पण त्यांची घंटा काढून टाकली तर तेच उपाशी, न वाढणारे जंतू औषधाने भराभर मरायला लागले. उपासमार तीच, वाढ दोन्हीकडे बंद, फरक फक्त घंटेचा. ती घंटा त्यांना आतून तयार करत होती, ऑक्सिडेशनच्या माराविरुद्ध लागणारी एन्झाइम्स वाढवून ठेवत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, कारण इतकी वर्षं मी वर्गात उपाशी जंतू म्हणजे सुस्त जंतू असंच शिकवत आले होते.

टीबीचा जंतू तर या कलेतला उस्ताद. एकदा विभागायला त्याला जवळजवळ दिवस लागतो. शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधतं, आत ऑक्सिजन कमी, अन्न कमी, आणि तिथे तो वर्षानुवर्षं बसून राहतो, जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना हा संसर्ग होऊन गेलाय आणि बहुतेकांना आयुष्यात कधी आजार होत नाही. उंदरांवरच्या प्रयोगात घंटेचं जीन काढलेला टीबीचा जंतू सुरुवातीला बरा वाढला पण लांबचा मुक्काम त्याला जमला नाही, हळूहळू संख्या घसरत गेली. आता गोळ्यांचं गणित बघा. पहिल्या दोन महिन्यांत वाढणारे जंतू धडाधड मरतात, म्हणून खोकला जातो, भूक लागते, माणसाला वाटतं झालं. पण जे उपाशी, मंद, कोपऱ्यात बसलेत ते दर दिवशी थोडे थोडेच मरतात. पहिल्या दोन महिन्यांतली पायराझिनामाइड याच मंद, आम्लात बसलेल्यांवर चांगली चालते, ती आणि रिफाम्पिसिन आल्यामुळेच आधीचा दीड-दोन वर्षांचा कोर्स सहा महिन्यांवर आला. घंटाच बंद पाडणाऱ्या औषधांवर काम चालू आहे, रेलॅसिन नावाचा एक रेणू लॅबमध्ये तसं करतोही, पण तो दवाखान्यात मिळणारं औषध झालेला नाही. तोपर्यंत भाच्याकडे सहा महिने हाच रस्ता.

हे ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "मग लंघन परम औषध म्हणतात ते? त्यानेच जरा उपास केला तर तो जंतू उपाशी नाही का मरणार?" त्या स्वतः संकष्टी, एकादशी सगळं करतात, त्यांना ते अगदी सरळ वाटलं असणार. मी म्हटलं काकू, टीबीत हे अजिबात करू नका. तो जंतू आपल्या ताटातलं खात नाही, तो आपल्या पेशींतली चरबी आणि कोलेस्टेरॉल खातो, आपण जेवलो नाही म्हणून त्याचं ताट रिकामं होत नाही. उपाशी पडते ती गाठ बांधून त्याला कोंडून ठेवणारी आपली फौज. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला शिधा देऊन बघितलं होतं, 2023 साली निकाल आला, ज्या घरांत शिधा गेला तिथे घरच्यांमध्ये नवीन टीबी जवळपास 40 टक्क्यांनी कमी झाला. सरकार निक्षय पोषण योजनेत पेशंटच्या खात्यात महिन्याला पैसे टाकतं, आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000, ते याच कारणासाठी.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग उठून त्यांनी फडताळातला शेंगदाण्याचा डबा काढला आणि भाच्याला लाडू करून पाठवायचे म्हणून दाणे भाजायला घेतले. तो आता पाचव्या महिन्यात आहे, आणि रोज सकाळी गोळी घेतल्यावर तिच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो त्यांना पाठवतो.